चारच्या सामन्याचं खाणं : भात कधी, कॉफी कधी

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दुपारी चारचा फुटबॉल सामना असला की तालमीत सकाळपासून गडबड असते. किट धुऊन वाळत घातलेलं असतं, बूट पुसून ठेवलेले असतात, कोण कुठल्या जागेवर खेळणार यावर वाद रंगलेले असतात. खाणं मात्र ज्याचं त्याच्यावर सोडलेलं. कोणी सकाळी झणझणीत मिसळ हाणून येतो, कोणी अंग हलकं राहावं म्हणून उपाशीच येतो, आणि बरेच जण टपरीवर दोन कटिंग मारून मैदानात उतरतात. पहिला हाफ जोशात जातो. सत्तराव्या मिनिटाच्या पुढे पाय उचलत नाहीत, पास चुकतात, समोरचा पुढे निघून गेला तरी मागे धावायची ताकद राहत नाही. मग प्रेक्षक म्हणतात, पोरांचा स्टॅमिना कमी पडला.

कित्येकदा स्टॅमिना कमी पडलेला नसतो, भात कमी पडलेला असतो. मेहनतीनं कमावलेला दम आदल्या दिवशीच्या आणि सामन्याच्या दिवशीच्या ताटावर ठरतो, हे आपल्या खेळाडूंना कोणीतरी नीट सांगायला हवं. म्हणून ही कृती. फुटबॉल डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे; हॉकीलाही ती जवळपास तशीच लागू पडते. कबड्डी आणि खो-खोसाठी काय बदलायचं, ते शेवटी दिलं आहे.

आधी कारण समजून घ्या

भात, भाकरी, चपाती, पोहे, केळी, गूळ, साखर यांतली कर्बोदकं शरीरात ग्लुकोज होऊन स्नायूंत आणि यकृतात साठतात. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. चालताना शरीर बरंचसं चरबीवर भागवतं, पण वेगात पळायचं, उडी मारायची, वळून पुन्हा पळायचं, तर ग्लायकोजेनच लागतं. फुटबॉल असल्या झटक्यांचाच खेळ आहे.

स्वीडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी १९७३ साली फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या मांडीच्या स्नायूंत सामन्यापूर्वीच साठा कमी होता, ते एकूण कमी अंतर धावले आणि त्यांचा बराच वेळ नुसता चालण्यात गेला. २००६ साली डेन्मार्कच्या पीटर क्रुस्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी सामना संपल्यावर खेळाडूंचे स्नायू तपासले, तेव्हा जवळपास निम्मे स्नायूतंतू ग्लायकोजेन संपून रिकामे किंवा रिकामे होत आलेले आढळले. शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

कॅफिनचं काम वेगळं. थकवा वाढतो तसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य आपला प्रभाव दाखवू लागतं आणि सुस्ती आणतं. कॅफिन त्याची जागा अडवतं. त्यामुळे तेवढीच मेहनत थोडी सोपी वाटते, नजर आणि लक्ष तल्लख राहतं, उडी आणि वेगाच्या धावा थोड्या सुधारतात. पण कॅफिन स्नायूंत ताकद भरत नाही. चुलीत लाकूडच नसेल तर फुंकणीनं कितीही फुंकलं तरी जाळ होत नाही. आधी भात, मग कॉफी. हा क्रम उलटा करून चालत नाही.

साहित्य

एका ६० किलो वजनाच्या खेळाडूसाठी, आदला दिवस आणि सामन्याचा दिवस मिळून:

- तांदूळ साधारण २६० ग्रॅम
- पोहे साधारण १४० ग्रॅम
- चपात्या ४ (प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेची)
- केळी ५ (त्यांतली २ सामन्यानंतर)
- बिया काढलेला खजूर ८ नग
- तूरडाळ, दूध, दही, थोडा गूळ
- चिकोरी नसलेली इन्स्टंट कॉफी ४ ग्रॅम (फक्त १८ वर्षांवरील आणि सवय असलेल्या खेळाडूला)

पूर्ण संघाच्या पेयासाठी:

- पिण्याचं पाणी १० लिटर
- साखर ६०० ग्रॅम
- मीठ १५ ग्रॅम, म्हणजे सपाट अडीच ते तीन चमचे
- लिंबं ८ ते १०

वजन ६० किलोपेक्षा कमी-जास्त असेल तर खाली दिलेल्या 'दर किलोमागे' हिशेबानं मापं बदला.

पायरी १ : सरावात चाचणी घ्या

सामन्याच्या दिवशी कोणतीही गोष्ट पहिल्यांदा करायची नाही. ना नवं पेय, ना कॉफी, ना खजूर. किमान दोन-तीन आठवडे आधी, सामन्याइतक्याच जोरदार सरावाच्या दिवशी हे सगळं करून पाहा. कोणाच्या पोटात गोळा येतो, कोणाला कॉफीनं हात थरथरतात, कोणाला केळं जड जातं, हे तेव्हाच कळतं. त्याच दिवशी सरावाआधी आणि नंतर, घामाचे कपडे काढून, वजन करा. वजनात दोन टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे ६० किलोच्या मुलाचं वजन सव्वा किलोनं उतरलं, तर तो पाणी कमी पितो आहे.

पायरी २ : आदल्या दिवशी साठा भरा

खरी तयारी इथे होते. युरोपियन फुटबॉल महासंघ म्हणजे युएफाच्या तज्ज्ञगटानं सामन्याच्या आदल्या दिवशी दर किलो वजनामागे ६ ते ८ ग्रॅम कर्बोदकं सुचवली आहेत. ६० किलोच्या खेळाडूला खालच्या मापानंही ३६० ग्रॅम लागतात. आपल्या रोजच्या जेवणात ते असे बसतात:

- सकाळी ८० ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे आणि दोन चमचे साखर घातलेलं पेलाभर दूध : ८० ग्रॅम
- अकराच्या सुमारास दोन केळी : ४५ ग्रॅम
- दुपारी तीन चपात्या, ६० ग्रॅम तांदळाचा भात, वाटीभर आमटी : ११५ ग्रॅम
- संध्याकाळी पाच खजूर : ३० ग्रॅम
- रात्री १०० ग्रॅम तांदळाचा भात आणि वरण : ९० ग्रॅमच्या वर

बेरीज ३६० होते. ताटात भाजी, दही, अंडं असू द्या. पण तळकट आणि तर्रीदार पदार्थांनी पोट भरलं तर भाताला जागा उरत नाही. या दिवशी सराव हलका ठेवा. जोरदार सराव घेतलात तर भरलेला साठा त्याच संध्याकाळी उतरतो. एक किलो वजन वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. ग्लायकोजेन स्वतःबरोबर पाणी धरून ठेवतं, त्याचं ते वजन असतं.

पायरी ३ : सकाळी आठ वाजता न्याहारी

रात्रभराच्या उपासानं यकृतातला साठा खाली गेलेला असतो. म्हणून न्याहारी चुकवायची नाही. ६० ग्रॅम पोहे आणि एक केळं एवढं पुरे. चार इडल्या किंवा गूळ घातलेली गव्हाची लापशीही चालेल. मिसळ आज नको: कट, फरसाण आणि मोडाची कडधान्यं पोटात रेंगाळतात, आणि मसाल्यानं जळजळ झाली तर ती चार वाजेपर्यंत पाठ सोडत नाही. सकाळचा चहा घ्यायची सवय असेल तर एक कप घ्या, पण खाण्याला जोडून नको. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. मुलींच्या संघांनी तर हे कसोशीनं पाळावं.

पायरी ४ : साडेबाराच्या आत मुख्य जेवण

सामन्याआधी तीन ते चार तास, दर किलोमागे १ ते ३ ग्रॅम कर्बोदकं. आपण मधलं माप धरू, म्हणजे १२० ग्रॅम: १०० ग्रॅम तांदळाचा भात, वर पातळ वरण, एक चपाती, दोन चमचे दही आणि सुपारीएवढा गुळाचा खडा. भात मऊ शिजवा. तूप चमच्याच्या टोकावर. उसळ, कोशिंबिरीचा ढीग, मटण यांना आज दुपारी सुट्टी. चरबी आणि चोथा पचायला वेळ घेतात, आणि पळताना पोट डचमळतं.

बारानंतर थोडं थोडं पाणी पीत राहा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे असं समजा.

दीडनंतर मध्येमध्ये गोड चघळत बसू नका. सामन्याच्या तास-पाऊण तास आधी साखर खाल्ली तर काही जणांची रक्तशर्करा खेळ सुरू होताना एकदम खाली येते आणि डोकं हलकं वाटतं. वॉर्म-अप सुरू झाल्यावर घेतलेल्या साखरेनं सहसा तसं होत नाही.

पायरी ५ : पेय बनवा

हे काम एकाच माणसावर सोपवा आणि तराजूनं करा. एक लिटर पाणी गरम करून त्यात ६०० ग्रॅम साखर आणि १५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. फडक्यातून गाळून उरलेल्या नऊ लिटर पाण्यात मिसळा. थंड झाल्यावर लिंबं पिळा. बिया राहू देऊ नका, त्यांनी कडूपणा उतरतो. आपला कोल्हापुरी गूळ वापरायचा असेल तर ६७० ग्रॅमच्या आसपास घ्या आणि दोनदा गाळा. चव सरबतापेक्षा कमी गोड आणि किंचित खारट लागली की प्रमाण जमलं.

दर १०० मिलीला ६ ग्रॅम, हे माप मुद्दाम ठरवलेलं आहे. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात १९९५ साली निकोलस आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलसारखी थांबत-पळत धावण्याची चाचणी घेतली. ६.९ टक्के कर्बोदकांचं पेय घेणारे खेळाडू शेवटच्या टप्प्यात नुसतं चवदार पाणी घेणाऱ्यांपेक्षा ३३ टक्के जास्त वेळ टिकले. पेय याहून बरंच गोड केलं तर पोटातून ते सावकाश खाली उतरतं. बाटलीबंद शीतपेयांत आणि एनर्जी ड्रिंकमध्ये साखर साधारण १०-११ टक्के असते, म्हणून ती खेळताना पोटात बसून राहतात. उलट जुलाबावर देतात त्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं. ते पाणी आणि क्षार भरून काढायला चांगलं, पण पळण्याच्या ताकदीसाठी अपुरं.

बर्फ घालायचा तर पिण्याच्या पाण्याचा घाला. मासळी आणि गाड्यांसाठी फोडतात तो लादीचा बर्फ पेयात टाकून संघाचं पोट बिघडवू नका. साधं पाणी वेगळ्या बाटल्यांत ठेवा.

पायरी ६ : तीन वाजता कॉफी, ज्याला चालते त्यालाच

कॅफिन रक्तात चांगलं मुरायला साधारण ४५ ते ६० मिनिटं लागतात, म्हणून सामन्याआधी एक तास. संशोधनात बहुतेक वेळा दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅमनं फायदा दिसला आहे. काही जणांना २ मिलिग्रॅमही पुरतं. सुरुवात २ पासूनच करा. ६० किलोला १२० मिलिग्रॅम.

आता हिशेब पाहा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यांप्रमाणे १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि इन्स्टंट कॉफीच्या कपात ५० ते ६५. कटिंग म्हणजे अर्धा कप. दोन कटिंगमधून फार तर एका कपाचं कॅफिन पोटात जातं, आणि तेवढ्यानं ६० किलोच्या खेळाडूचं माप सहसा निम्म्यावरच राहतं. चहा वाढवून ते गाठायला गेलात तर दुधानं आणि साखरेनं पोट भरेल. म्हणून दोन कपांची कॉफी पावडर, ४ ग्रॅम, एका लहान कपभर गरम पाण्यात, दूध न घालता. चिकोरी मिसळलेल्या पावडरीत कॅफिन कमी असतं. चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

कर्बोदकं आणि कॅफिन एकत्र घेतल्याचा फायदा २०१० साली निकोलस गँट आणि सहकाऱ्यांनी तपासला. त्यांनी घेतलेल्या ९० मिनिटांच्या फुटबॉलसदृश चाचणीत कर्बोदकांच्या पेयात कॅफिन मिसळल्यावर, नुसत्या कर्बोदकांच्या मानानं, वेगाच्या धावा आणि उडी अधिक चांगली टिकली. फरक थोडाच असतो, पण शेवटच्या पाच मिनिटांत डोक्यानं चेंडू आधी कोण खेळतो, हेही थोडक्यावरच ठरतं.

हे नियम मोडू नका:

- १८ वर्षांखालच्या खेळाडूला सामन्यासाठी कॅफिन द्यायचं नाही. शालेय आणि कुमार संघांत ही पायरी नाहीच.
- हृदयाचा त्रास, रक्तदाब, छातीत धडधड, घबराट, पित्त किंवा झोपेची तक्रार असलेल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.
- कॅफिनच्या गोळ्या आणि सुटी पावडर अजिबात नको. पावडरीचा चमचाभर अंदाज चुकला तरी जिवावर बेतू शकतं.
- एनर्जी ड्रिंकच्या २५० मिली कॅनमध्ये साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. वर कॉफी आणि चहाही घेतला तर बेरीज कुठल्या कुठे जाते. दिवसाचं सगळं मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा.
- सामना रात्री दिव्यांखाली असेल तर कॉफी सोडून द्या. चार-सहा तासांनीही घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन शरीरात असतं. झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचा सराव गेला.

जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था म्हणजे वाडानं २००४ पासून कॅफिन बंदीच्या यादीतून काढलं आहे. त्यामुळे कॉफी पिणं नियमात बसतं. पण ती प्रत्येकाला मानवते असं नाही, म्हणून कोणावरही सक्ती नको.

पायरी ७ : वॉर्म-अपनंतर आणि मध्यंतरात

वॉर्म-अप संपवून जर्सी चढवताना प्रत्येकानं २५० मिली पेय घोट-घोट प्यायचं. त्यातून १५ ग्रॅम मिळतात.

मध्यंतराची पंधरा मिनिटं पाहता पाहता जातात. प्रशिक्षकाचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच, खाली बसल्याबसल्या, प्रत्येकाच्या हातात पेयाची बाटली गेली पाहिजे. पुन्हा २५० मिली, सोबत तीन खजूर किंवा अर्धं केळं. दोन्ही वेळचं मिळून ४० ते ५० ग्रॅम होतात, आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम हीच मर्यादा तज्ज्ञ सांगतात. त्यानंतर साधं पाणी, तहान लागेल तसं. एखाद्याला पोटात काहीच जात नसेल तर त्यानं पेयाची चूळ पाच-दहा सेकंद तोंडात फिरवून थुंकावी. सायकलपटूंवरच्या प्रयोगांत एवढ्यानंही फरक पडलेला दिसला आहे, कारण तोंडात कर्बोदकं आल्याची खबर मेंदूला लागते.

बदली खेळाडूंना विसरू नका. साठाव्या मिनिटाला उतरणाऱ्यानं वॉर्म-अप करतानाच आपला वाटा घ्यायचा. सामना जादा वेळेत गेला तर मधल्या विश्रांतीत सगळ्यांना आणखी १५० मिली.

पायरी ८ : सामना संपल्यावर

स्नायू कर्बोदकं सर्वांत वेगानं शोषतात ते पहिल्या काही तासांत. पुढचा सामना दोन-तीन दिवसांवर असेल तर पहिले चार तास दर तासाला, दर किलोमागे १ ग्रॅमचं माप ठेवा. लगेच दोन केळी आणि अर्धा लिटर उकळून गार केलेलं म्हशीचं दूध. त्यातून सुमारे २० ग्रॅम प्रथिनंही मिळतात. दूध कट्ट्यांच्या कोल्हापूरला हे सांगायला नको. मग घरी गेल्यावर भरपूर भात. तांबडा-पांढरा रस्सा, मटण, सगळं आता खा; फक्त ताटात रश्श्यापेक्षा भात जास्त असू द्या. पुढचा सामना आठवड्यानंतर असेल तर घाई नको, रोजचं पोटभर जेवण पुरेसं आहे.

पायरी ९ : वही ठेवा

तालमीच्या वहीत प्रत्येक खेळाडूचं एक पान असावं: किती वाजता काय खाल्लं, कॉफी घेतली का, पोट कसं होतं, सत्तराव्या मिनिटाला पाय कसे होते, रात्री झोप लागली का. चार-सहा सामन्यांत प्रत्येकाचं माप आपोआप समोर येतं.

टीपा

- उपवासाच्या दिवशी सामना आला तर उकडलेली रताळी, केळी, राजगिऱ्याची लापशी, खजूर यांवर माप गाठता येतं. साबुदाण्याची खिचडी कमी तुपात आणि थोड्याच दाण्याच्या कुटात करा.
- रोजा असलेल्या खेळाडूचा साठा आदल्या रात्रीच्या आणि सहरीच्या भात-चपातीवर भरायचा असतो. शक्य असेल तिथे सराव इफ्तारनंतर घ्या.
- कबड्डी आणि खो-खोत एक सामना लवकर संपतो, पण स्पर्धेत एका दिवसात दोन-तीन सामने होतात. तिथे मध्यंतरातल्या पेयापेक्षा दोन सामन्यांमधली केळी, खजूर आणि पेय महत्त्वाचं. दर सामन्याला वेगळी कॉफी घेऊ नका.
- वजनगटासाठी उपाशी राहून वजन उतरवणारी पोरं रिकाम्या पायांनी चढाई करतात. अशा खेळाडूला वरच्या गटात खेळवणं हेच शहाणपण.

अनिकेत जाधवसारखा आपल्या कोल्हापूरचा मुलगा २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तशी धाव असलेली पोरं आजही पेठापेठांत आहेत. त्यांच्या जर्सीवर आणि बुटांवर तालीम मंडळं मनापासून खर्च करतात. त्यातलेच थोडे पैसे बाजूला काढून सामन्याच्या दिवशी संघाचं साडेबाराचं जेवण एकत्र शिजवा. खर्च फार नाही: तांदूळ, डाळ, साखर, लिंबं आणि केळी. येत्या सामन्याला एवढं कराच, आणि शेवटची वीस मिनिटं नीट पाहा.